पोटात न मावणारा अपराध

मराठीत कुणाकडे क्षमा मागायची झाली की आपण म्हणतो, "माझे अपराध पोटात घाला." वाक्प्रचार इतका रुळला आहे की त्यातलं पोट आपल्याला दिसेनासं झालं आहे. ज्या बाईचं मूल कुणी मारलं आहे तिच्यापाशी हीच मागणी घेऊन गेलं, की मात्र ते पुन्हा दिसू लागतं. जिथं मूल वाढलं, तिथंच आता त्याच्या मारेकऱ्याचा अपराध ठेवून घे, असं आपण तिला सांगत असतो.

आणि सांगतोच. खटल्याचा निकाल लागला की न्यायालयाच्या पायऱ्यांवर माइक पुढे येतो: तुम्ही त्याला माफ केलंत का? आई-बाप 'हो' म्हणाले तर त्यांच्या मोठ्या मनाची बातमी होते. 'नाही' म्हणाले तर ऐकणारे चुळबुळतात. चार-पाच वर्षांनीही उत्तर तेच राहिलं तर 'अजून सावरले नाहीत बिचारे' असं दबक्या आवाजात बोललं जातं. जणू क्षमा न करणं हा आजार आणि क्षमा करणं हा बरं झाल्याचा दाखला. मला हे मान्य नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला क्षमा करता आली तर ते त्याचं देणं आहे, स्वतःहून दिलेलं. नाही करता आली तर त्यात त्याचा दोष नाही. आणि ती मागण्याचा अधिकार तर आपल्यापैकी कुणालाच नाही. हे मला शोकांतिकांनी शिकवलं.

ग्रीक नाटककार युरिपिडीसचं 'हेक्युबा' हे नाटक इ.स.पू. ४२४च्या सुमाराचं. ट्रॉय पडलं आहे आणि कालची राणी हेक्युबा आज ग्रीकांच्या छावणीत दासी आहे. तिच्या मुलीचा, पॉलिक्सेनाचा, अकिलीस या मेलेल्या ग्रीक वीराच्या थडग्यावर बळी दिला जातो. मुलीचं प्रेत धुवायचं म्हणून हेक्युबा म्हाताऱ्या दासीला समुद्राचं पाणी आणायला पाठवते. दासी परतते ती आणखी एक प्रेत घेऊन. झाकलेला देह बघून हेक्युबाला वाटतं, पॉलिक्सेनालाच आणलं. कापड बाजूला होतं आणि खाली असतो पॉलिडोरस, तिचा सर्वांत धाकटा मुलगा. युद्धाची झळ लागू नये म्हणून त्याला थ्रेसच्या राजाकडे, पॉलिमेस्टरकडे, सोन्यासकट सांभाळायला दिलं होतं. ट्रॉय पडल्याचं कळताच त्या यजमानानं सोन्यासाठी पोराला मारलं आणि समुद्रात टाकून दिलं. त्याला माती देण्याएवढेही कष्ट घेतले नाहीत.

पुढे काय होतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. हेक्युबा सूड घेते. पण सूडाआधी ती काय करते ते पाहायला हवं. ती न्याय मागायला जाते. अगामेम्नॉनच्या, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या सेनापतीच्या, पाया पडते. त्याला तिची दया येते, तिचं म्हणणं पटतंही. पण पॉलिमेस्टर हा ग्रीक सैन्याचा मित्र आणि मेलेला मुलगा शत्रूचा. सैन्य काय म्हणेल? म्हणून तो मदत करणार नाही, फक्त आड येणार नाही. सत्ता असलेल्या माणसाची ही सहानुभूती आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

मग ती पॉलिमेस्टरला बोलावून घेते आणि शांतपणे विचारते, माझा मुलगा कसा आहे? तो सांगतो, आहे, खुशाल आहे. आणि सोनं? तेही सुरक्षित आहे. मुलाचं कलेवर तेव्हा तिच्याजवळ पडलेलं आहे. या जागी मी दर वेळी अडखळते. क्षमेकडे जाणारी एखादी वाट असलीच, तर ती समोरच्याच्या तोंडून निघालेल्या एका खऱ्या वाक्यापासून सुरू होते. ते वाक्य म्हणायची संधी हेक्युबानं त्याला दिली होती. त्यानं ती सोन्याच्या हिशेबात घालवली.

त्यानंतर तंबूत त्याचे डोळे फोडले जातात आणि त्याची दोन मुलं मारली जातात. शेवटी आंधळा पॉलिमेस्टर भविष्य सांगतो की हेक्युबा आगीसारख्या डोळ्यांची कुत्री होईल आणि तिचं थडगं खलाशांना वाट दाखवणारी खूण बनेल. नाटकाचा बोध म्हणून लोक ही कुत्रीच दाखवतात: बघा, क्षमा केली नाही की माणसाचं जनावर होतं. मला हा अर्थ पटत नाही. तिच्या माणूसपणाला तडे गेले ते प्रत्येक दार बंद होत गेलं तेव्हा. तिनं ग्रीक सेनानी ओडिसियसला विनवलं, ज्याचा जीव तिनं एकदा वाचवला होता. तिनं अगामेम्नॉनला विनवलं. तिनं खुन्यालाही विचारलं. क्षमा न करणं हे या साखळीतलं कारण नाहीच. कारण आहे न ऐकलं जाणं.

तरीही ती दोन मुलं आहेत. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. इथं मी हेक्युबाच्या बाजूला उभी राहू शकत नाही, आणि युरिपिडीसही आपल्याला तिथं आरामात उभं राहू देत नाही. क्षमा न करण्याचा हक्क मान्य केला की सूडाचा हक्कही मान्य करावा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मला एक घरची गोष्ट आठवते.

द्रौपदीची पाच मुलं अश्वत्थाम्यानं झोपेत मारली. महाभारताच्या सौप्तिकपर्वात ती युधिष्ठिरासमोर प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाची वाट पाहत, बसते. अश्वत्थाम्याचा वध करा, त्याच्या डोक्यावरचा मणी आणा, तोवर उठणार नाही. शेवटी मण्यावर तिची समजूत पटते. भागवतात मात्र हीच कथा वळण घेते. अर्जुन अश्वत्थाम्याला जनावरासारखा बांधून आणतो आणि द्रौपदी म्हणते, सोडा, याला सोडा. तो गुरुपुत्र आहे हे ती सांगतेच, पण त्याहून खोल कारण पुढे येतं: मी जशी मुलांसाठी रडते आहे तशी याची आई गौतमी रडू नये. या प्रसंगाला सर्रास क्षमेचा प्रसंग म्हटलं जातं. नीट ऐका, ती अश्वत्थाम्याला 'तुला क्षमा केली' असं म्हणत नाही. तिची नजर त्याच्यावर नाहीच, तिसऱ्याच एका आईवर आहे. त्याचा अपराध तिच्या पोटात गेलेला नाही. तिनं फक्त रडणाऱ्या आयांची संख्या वाढू दिली नाही. हेक्युबाला जे साधलं नाही ते हे. आणि यासाठी क्षमा लागत नाही.

सूड आवरणं आणि क्षमा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली समाजाला प्रत्येकाकडून मागता येते, मागावीच लागते. ती वागण्याची गोष्ट आहे, तिच्यासाठी कायदा आहे, न्यायालय आहे. दुसरी आतली आहे. आपण मात्र पहिली मिळाल्यावर थांबत नाही. हत्यार खाली ठेवलंस ना, मग आता मनही स्वच्छ कर, म्हणतो.

हे म्हणणारी माणसं कोण असतात, हे शोकांतिकांनी फार बारकाईनं टिपून ठेवलं आहे. हॅम्लेटचा बाप जाऊन दोन महिनेही झालेले नसतात आणि गादीवर बसलेला काका क्लॉडियस त्याला भर दरबारात सांगतो, इतका हट्टी शोक म्हणजे देवाचा अपराध. हे शहाणपण शिकवणाराच खुनी आहे. शेक्सपिअरच्याच 'किंग जॉन'मध्ये कॉन्स्टन्सचा छोटा मुलगा शत्रूच्या हाती लागतो आणि तो पुन्हा दिसणार नाही हे तिला कळून चुकतं. पोपचा दूत पँडल्फ तिला सांगतो की तू दुःखाला फारच मोठं करते आहेस. फ्रान्सचा राजा म्हणतो, तुला पोराइतकंच दुःखाचं वेड आहे. ती उत्तर देते की दुःखानं माझ्या नसलेल्या मुलाची खोली भरून टाकली आहे, ते त्याच्या अंथरुणात निजतं, माझ्यासोबत येरझारा घालतं, त्याचे रिकामे कपडे अंगात घालतं. मग दुःखाचं वेड लागायला मला कारण नाही का? पण त्याआधी पँडल्फला उद्देशून ती जे एक वाक्य बोलते त्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही: ज्याला कधी मुलगाच नव्हता तो माझ्याशी बोलतो आहे.

दुःख आवरतं घ्या, असं सांगणाऱ्याला त्या आवरण्यातून काहीतरी मिळायचं असतं. कधी गादी, कधी तह, कधी फक्त रात्रीची शांत झोप. ती गरज दर वेळी वाईटच असते असं नाही. इ.स.पू. ४०३ मध्ये अथेन्समध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची राजवट कोसळली. आठेक महिन्यांत त्यांनी दीड हजारांवर नागरिक मारल्याचं अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरचा ग्रंथ सांगतो. त्यानंतर नागरिकांनी शपथ घेतली की झाल्या वाईटाची आठवण एकमेकांवर उगारणार नाही. ते तीस जण आणि त्यांचे काही अधिकारी तेवढे वगळले. या शपथेमुळे लोकशाही पुन्हा उभी राहिली, यात मला शंका नाही. पण त्या शपथेनं काय मागितलं हेही पाहावं. तिनं खटले थांबवले, जीभ आवरायला लावली. मनातून काढून टाका, असं म्हटलं नाही. राज्याला मागता येतं ते एवढंच.

त्याच शहरानं त्याआधी नव्वदेक वर्षांपूर्वी उलटंही करून पाहिलं होतं. इ.स.पू. ४९४ मध्ये पर्शियनांनी मिलेटस हे ग्रीकांचं शहर उद्ध्वस्त केलं. फ्रिनिकस या नाटककारानं त्यावर नाटक केलं, तेव्हा अख्खं प्रेक्षागृह रडलं. मग अथेन्सवासीयांनी फ्रिनिकसला एक हजार द्राख्मा दंड केला आणि ते नाटक पुन्हा कुणी करायचं नाही असं ठरवलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं कारण नोंदवलं आहे: त्यानं त्यांना त्यांच्याच दुःखांची आठवण करून दिली. नाटक आज उरलेलं नाही, दंड तेवढा उरला आहे.

आपल्या काळात राज्यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला तो आयोगांच्या रूपानं. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाची सुनावणी १९९६ मध्ये सुरू झाली. ज्या बायांचं म्हणणं कुठल्याही न्यायालयानं ऐकलं नव्हतं, त्यांना तिथं आपल्या भाषेत, सगळ्या देशासमोर बोलता आलं. हे फार मोठं काम होतं आणि त्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याच आयोगाला वंशद्वेषी राजवटीच्या काळातल्या गुन्हेगारांना शिक्षामाफी देता येत होती. गुन्हा राजकीय हेतूनं केलेला असावा आणि सगळं खरं सांगावं, या अटी होत्या. पश्चात्ताप ही अट नव्हती. सात हजारांहून अधिक अर्ज आले, त्यांतले ८४९ मंजूर झाले. वंशद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आणि पोलिसांच्या ताब्यात १९७७ मध्ये मेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी आणि आणखी काहींनी या तरतुदीलाच घटना न्यायालयात आव्हान दिलं. १९९६ मध्ये ते हरले.

त्यांना त्या वेळी सलोख्याच्या आड येणारे म्हटलं गेलं असेल तर मला नवल वाटणार नाही. पण त्यांनी बंदूक उचलली नव्हती, ते न्यायालयात गेले होते. देशाला तडजोड करावी लागली, हे मी समजू शकते. गृहयुद्ध टाळण्याची ती किंमत होती. पण ती किंमत बिको यांच्या घरातून वसूल झाली हे सरळ सांगायला हवं. 'राष्ट्रानं क्षमा केली' या वाक्यात तेच दडपलं जातं. राष्ट्राला स्वतःच्या वाट्याची शिक्षा माफ करता येते. मेलेल्या माणसाच्या आईच्या वतीनं क्षमा करायला राष्ट्राकडे तिचं मुखत्यारपत्र नसतं.

चिलीत तर गुन्हेगारांनी स्वतःच स्वतःला माफ केलं. हुकूमशहा पिनोशेच्या लष्करी राजवटीनं १९७८ मध्ये हुकूम काढून १९७३ च्या बंडापासूनच्या गुन्ह्यांवर पडदा टाकला. याबाबतीत क्लॉडियस जास्त प्रामाणिक होता, हे मी गंभीरपणे म्हणते. तो एकटाच गुडघे टेकून प्रार्थना करू बघतो तेव्हा त्याला स्वतःलाच उमगतं की हे चालणार नाही. ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती महत्त्वाकांक्षा, ती राणी अजून आपल्याचकडे आहे. लुटीचा माल मुठीत ठेवून क्षमा कशी मागायची? चारशे वर्षांपूर्वी एका रंगमंचावरच्या खुन्याला पडलेला प्रश्न त्या हुकुमावर सही करणाऱ्यांना पडला नाही.

मग क्षमा न करणाऱ्यांचं करायचं काय? याचं मला पटणारं उत्तर ग्रीक नाटककार एस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीत आहे, इ.स.पू. ४५८ मधल्या. आईचा खून करणाऱ्या ओरेस्टीसच्या मागे एरिन्यी लागल्या आहेत. सांडलेलं रक्त न विसरणाऱ्या या देवता. खटला उभा राहतो, मतं समसमान पडतात आणि आरोपी सुटतो. एरिन्यी खवळतात, या भूमीत विष कालवू म्हणतात. शहराची देवता अथेना त्यांना काय सांगते? तुम्ही हरला नाहीत, मतं बरोबरीची आहेत. इथंच राहा, या शहराच्या पोटात तुम्हाला घर देते, तुमच्या मानाशिवाय इथलं एकही घर भरभराटीला येणार नाही. बराच वेळ त्या ऐकत नाहीत. अथेना चिडत नाही, पुन्हा पुन्हा तेच मांडत राहते. अखेर त्या मशालींच्या उजेडात मिरवणुकीनं खाली जातात. या सगळ्यात ओरेस्टीसला माफ करा, असं त्यांना कुणीही म्हणत नाही, आणि त्या करतही नाहीत. त्यांच्याकडून घेतला जातो फक्त विनाश. त्यांची न विसरण्याची ताकद शहर आपल्या पायाशी ठेवून घेतं. अपराध पोटात घालण्याऐवजी, ज्यांना तो पोटात घालता येत नाही त्यांना शहरानं पोटात घेतलं, असं मला ते वाटतं.

मात्र या थोर न्यायालयातही एक गोष्ट मला सलते. ओरेस्टीसनं ज्या आईला मारलं त्या क्लायटेम्नेस्ट्राचंही एक मूल होतं, इफिजिनिया. वारा उलटा वाहू लागला म्हणून ट्रॉयकडे निघालेली जहाजं अडली, तेव्हा बापानंच, अगामेम्नॉननं, तिचा बळी दिला होता. त्याचा सूड म्हणून क्लायटेम्नेस्ट्रानं नवऱ्याला मारलं आणि बापाचा सूड म्हणून ओरेस्टीसनं तिला. या खटल्यात तिचं नाव एकदाही निघत नाही. निकाल लागतो, शहर आनंदतं आणि पहिली मुलगी कामकाजाबाहेरच राहते. आयोग असो वा न्यायालय, ते बंद होताना कुणाचं नाव निघालंच नाही हे विचारणारं माणूस हवं, आणि बहुधा ते क्षमा न केलेलंच माणूस असतं.

यावरचा एक आक्षेप मला मनापासून विचारात घ्यावासा वाटतो. लोक म्हणतात, क्षमा अपराध्यासाठी नसते, स्वतःसाठी असते. राग आतून पोखरतो, त्याला किती दिवस पोसणार? ज्यांनी स्वतः जाळातून जाऊन हे म्हटलं आहे त्यांच्यापुढे मी हात जोडते. कुणाला क्षमेनं खरोखर मोकळं केलं असेल, आणि तसं होतं. पण ज्यानं ते स्वतः कमावलं त्याच्या तोंडचं ते सत्य आहे. तेच दुसऱ्यानं तिसऱ्याच दिवशी समोर धरलं की ती एक नवी मागणी होते. आधी मूल गेलं, आता वर क्षमा न जमल्याचा अपराधीपणा. शिवाय पोखरतो तो नेहमी रागच असतो का? पुष्कळदा पोखरते ती एकटीनं आठवण जपण्याची मेहनत. बाकीच्यांनी आठवायचं सोडलं म्हणून ती सगळी एकाच माणसाच्या अंगावर पडते. आपण थोडं आठवलं असतं तर तिला थोडं विसरता आलं असतं.

एरियल डॉर्फमन यांचं 'डेथ अँड द मेडन' हे नाटक चिलीत लोकशाही परतत होती तेव्हा, १९९० मध्ये, लिहिलं गेलं. पाउलिना ही छळछावणीतून जिवंत सुटलेली बाई. तिचा वकील नवरा नव्या सरकारच्या आयोगावर आहे, पण तो आयोग फक्त मेलेल्यांची चौकशी करणार आहे. चिलीतला खराखुरा आयोगही तसाच होता. मृतांवर आणि बेपत्ता झालेल्यांवर झालेले गुन्हे त्याच्या कक्षेत, छळ सोसून जिवंत राहिलेल्यांवरचे नाहीत. त्यांचं ऐकायला दुसरा आयोग नेमला गेला तो २००३ मध्ये. नाटक तेरा वर्षं आधीच त्या बाईला बोलायला उभं करून मोकळं झालं होतं.

एका रात्री नवऱ्याला रस्त्यात मदत करणारा डॉक्टर घरी येतो आणि त्याच्या आवाजावरून पाउलिनाला खात्री पटते की आपला छळ करणारा तो हाच. छळताना तो शूबर्टचं संगीत लावत असे. तेव्हापासून ते सूर कानावर पडले तरी तिला मळमळतं. ती त्याला बांधते, बंदूक रोखते आणि कबुली मागते. खरी कबुली, स्वतःच्या तोंडानं. ती मिळते की नाही, ती खरी की घाबरून दिलेली, आणि चाप ओढला जातो की नाही, हे नाटक सांगत नाही. त्या क्षणी रंगमंचावर मोठा आरसा उतरतो आणि प्रेक्षक स्वतःकडे बघत राहतात.

शेवटचा प्रवेश काही महिन्यांनंतरचा, संगीत सभागृहातला. नवरा मध्यंतरात लोकांशी आयोगाच्या कामाबद्दल बोलतो आहे. तो डॉक्टरही येतो. खराच, की फक्त तिला दिसणारा, कळत नाही. दोघांची क्षणभर नजरानजर होते. मग दिवे मंदावतात, शूबर्टचं तेच संगीत सुरू होतं, आणि पाउलिना मान वळवून समोर बघत ते ऐकू लागते. तो मागे कुठंतरी बसलेलाच आहे.